अजून जरा वर

"तिथं नाही हो बाई! जरा वर. अजून जरा वर... हां, आता कसं!"

घड्याळजींनी पालथं पडल्या पडल्या हुकूम सोडला आणि फिजिओबाईंनी सुई टोचली. केसासारखी बारीक सुई, तिच्यात औषध नाही की काही नाही. नुसती स्नायूच्या गाठीत शिरायची. गाठ फडफडली आणि सैल झाली.

सकाळपासून सात माना झाल्या होत्या. बाईंचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. बाकीच्यांना त्या हल्ली शेक आणि व्यायाम देऊन वाटेला लावत. सुयांचा हट्ट एकट्या घड्याळजींचा. चाळीस वर्षं दुकानात मान मोडून चाकं जुळवलेली, ती आखडणारच; पण दर सुईला यांची लुडबुड कशाला? इतका किरकिरा पेशंट बाईंनी वीस वर्षांत पाहिला नव्हता.

एक मात्र सोय होती. टेबलावर चढण्याआधी ते कानातलं यंत्र काढून ट्रेमध्ये ठेवत. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हे काढलं की मी ठार बहिरा. काही सांगायचं झालं तर पाठीवर थाप मारा."

दोन बुधवार बाई गप्प राहिल्या. तिसऱ्या बुधवारी त्यांचं तोंड सुटलं, ते सुटलंच. घरी कुणाला सांगणार? नवरा घाबरट, लेक परीक्षेच्या तोंडावर.

"डाव्या बोटांना काही कळेनासंच झालंय हो," आजही त्या त्याच रुंद पाठीला म्हणाल्या. "चिमटीत धरते ती गाठ आहे की नुसतं मांस, देव जाणे! तुमच्यावर सगळं अंदाजानं चाललंय. मेली लाज वाटते. पण हे बाहेर फुटलं तर माझ्याकडे कोण फिरकेल? आणि हे काम सुटलं तर मी करू काय? दुसरं येतंय काय मला?"

पाठ हलली नाही.

"डावीकडे, बाई," थोड्या वेळानं घड्याळजी करवादले. "बोटभर."

बाईंनी डोळे पुसले, बोटभर सरकून टोचलं. पुन्हा नेमकी गाठ. नशीब, दुसरं काय!

सुया काढून झाल्यावर त्यांनी पाठीवर थाप मारली. घड्याळजी उठून बसले, मान दोन्हीकडे वळवून बघितली आणि सदरा चढवला. बाईंना एकदम आठवलं. मनगटावरचं चावीचं घड्याळ दुपारपासून रडत होतं. त्यांनी ते सोडून पुढे केलं आणि बंद पडलंय अशी हातानं खूण केली.

घड्याळजींनी डोळे मिटले, घड्याळ कानाशी धरलं आणि बराच वेळ तसेच बसले.

"चालतंय की," ते म्हणाले. "ठोका जरा मंद आहे, एवढंच."

बाईंची नजर ट्रेकडे गेली. यंत्र तिथंच पडलं होतं.

घड्याळजी ओशाळले. "सुनेची बडबड नको म्हणून बहिऱ्याचं सोंग घेतलं, तर तिनं हे आणून दिलं," म्हणत त्यांनी यंत्र उचलून खिशात टाकलं. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"बोटं मात्र मोठ्या डॉक्टरला दाखवून या, बाई. तोवर फक्त माझीच मान टोचायची. आणि मी सांगेन तिथंच."