दुसरं पान

सीमेवर लढाई पेटली आणि स्वराजचा फोन लागेनासा झाला. मग एका सकाळी औंढ्याला त्याची दोन पाकिटं आली, एक आईला आणि एक बायकोला. अंगण एकच होतं, पण सासू-सुनेच्या चुली वेगळ्या झालेल्या आणि बोलणं बंद.

नंदाबाईंच्या पाकिटात एकच पान निघालं, आणि त्यावरचं वाक्यही अर्ध्यातच तुटलेलं : 'आई, घाबरू नकोस, पण काल माझ्या डाव्या पायाला'

दिवसभर त्या घरात धुसफुसत राहिल्या. दिवेलागणीला मात्र अंगण ओलांडून सुनेच्या दारात आल्या.

"सारिका, पुढचं पान तुज्याकडं आलंय. काय झालंय त्याच्या पायाला?"

"मला कुटं आलंय पत्र?"

"पोस्टमननं दिलेलं बघितलंय मी."

"बँकेचं पाकीट होतं ते."

"अगं, पोटचा गोळा हाय माजा! हात जोडते तुला."

"माजा फोन तुमी कपाटात कोंडून ठेवलावता ना, आत्या? त्यांची रिंग वाजायची, आन् मी भाकऱ्या थापत नुसती ऐकत बसायचे. आता तुमी बसा."

सारिकाने दार लावून घेतलं. पिठाच्या डब्याखालचं पान काढून तिने पुन्हा एकदा वाचलं.

'काहीही झालेलं नाही. आईला तुझ्या दारात आणायला मला दुसरं काही सुचलं नाही. ती आली असेल तर आत घे, आणि दोघी मिळून चहा प्या.'