करणला इचारा

करणला यातून मिळणार होतं ते थोडंथोडकं नव्हतं. वस्तीवर कुणाचीही पाइपलाइन तुंबली, की 'राधाकृष्णअण्णाला इचारा' असं म्हणायची रीत होती. जमिनीखाली कुठं जोड आहे, कुठं पाणी सोडायचा-तोडायचा व्हॉल गाडलाय, हे सगळं अण्णांच्या, म्हणजे करणच्या वडिलांच्या, डोक्यात होतं. ते एकदा मोबाईलमध्ये उतरलं, की लोक 'करणला इचारा' म्हणणार होते. नगरच्या ऑफिसात त्याला कुणीच काही विचारत नसे. त्यामुळे या मानाची भूक जरा जास्तच होती.

अडलं होतं ते अ‍ॅपवर. एकात नोंदी एकमेकींना जोडता येत, पण ते नेटशिवाय उघडत नसे. दुसरं नेटशिवाय चाले, पण त्यात नकाशा ठेवता येत नसे. तिसऱ्यात सगळं होतं, फक्त त्याचा रंग करणला आवडत नव्हता. बहिणीसाठी स्थळ बघतानाही त्यानं इतकी चौकशी केली नव्हती. तिन्हींत 'अण्णा' नावाचं फोल्डर मात्र उघडून ठेवलं होतं.

दिवाळीला अण्णांनी त्याला बांधाबांधानं फिरवलं. विहिरीच्या कोपऱ्यावरून एक ओळ धरायची, बांधावरच्या लिंबावरून दुसरी, आणि दोन्ही ओळी एकमेकींना छेदतील तिथं काठी टेकवायची. करण मोबाईल धरून मागं चालत होता. अ‍ॅप ठरलं की एका बैठकीत सगळं टाकू, असा त्याचा हिशेब.

"लिवलं का रं?" घरी आल्यावर अण्णांनी विचारलं.

"सगळं लिहिलंय, अण्णा."

अण्णांनी हे कौतुकानं वस्तीभर सांगितलं.

मग अण्णा पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकरशिवाय खाटेवरून उठता येईना, आणि लाईन तुंबली. व्हॉल होता मच्छिंद्रच्या रानात, पोसायला लागलेल्या कांद्याखाली. उभ्या पिकात कोण खांदू देतं? पण मच्छिंद्र म्हणाला, "अण्णांनी दावल्याली जागा हाय ना? मग खांद. एखादा वाफा जाईल."

करणनं खाटेपाशी जाऊन विचारलं असतं तरी भागलं असतं. पण विचारलं, की लिहिलं नव्हतं हे कळलं असतं. त्यानं मोबाईलच्या काळ्या पडद्याकडं बघत चार पावलं टाकली. "इथं," तो म्हणाला. नुसती माती निघाली. "मग इथं." तिथंही मातीच. वाफ्यामागून वाफा उलटा होत गेला. मच्छिंद्रची बायको पंकजा उपटलेले कोवळे कांदे पदरात गोळा करत म्हणाली, "भावजी, मोबाईलला चष्मा लागलाय वाटतं."

कुणी हसलं नाही. वॉकर टेकत टेकत अण्णा बांधावर येत होते.

अण्णांनी खड्डे पाहिले. मग करणच्या हातातला मोबाईल पाहिला. करणनं तो खिशात घातला.

"मच्छिंद्रा, पोराला बोलू नगं," अण्णा म्हणाले. "मीच त्याला चुकीची जागा सांगितली. दिवाळीपासूनच माझ्या ध्यानात ऱ्हाईना झालंय."

त्यांनी विहिरीकडं बघितलं, लिंबाकडं बघितलं. "अंदाजानं तिकडं बघा जरा." अंदाज हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. पहिल्याच घावाला कुदळ व्हॉलवर वाजली.

"नशीब म्हनायचं," मच्छिंद्र मायेनंच म्हणाला. "अण्णा, आता तुमी आराम करा. तुमच्यापायी पोराचं लिवल्यालंबी चुकायचं. हितून पुढं आमी करणलाच इचारू."

"व्हय," अण्णा म्हणाले. "त्यालाच इचारा."

कांद्याची भरपाई करणनं दिली. बाकीची भरली ती अण्णांनी. आता वस्तीवर त्यांना कुणी काही विचारत नाही. सुट्टीच्या दिवशी लोक करणकडं येतात. तो मोबाईल काढतो, "बघून सांगतो" म्हणून घरात जातो, आणि खाटेपाशी खाली मान घालून उभा राहतो. अण्णा त्याला जागा सांगतात, बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू.