टेबलावर नसलेला आवाज

मंगळावरचा प्राणी खड्ड्यात श्वास घेत होता. भर दुपारी पडदे ओढून काळोख केलेल्या चर्चच्या हॉलमध्ये तो श्वास सगळीकडे भरून राहिला होता. आधी घरघर, मग ओलसर शिट्टी, मग काहीच नाही. आता हा मेला असं वाटेपर्यंत पुन्हा घरघर. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला. क्लाइव्ह ट्रँटरचं मात्र स्पीकरकडे लक्ष नव्हतं. तो तिसऱ्या रांगेतल्या आपल्या वडिलांच्या पाठीकडे बघत होता.

श्वास त्यांचाच होता.

फेब्रुवारीत विल्फ ट्रँटर जेवून आरामखुर्चीत झोपले असताना क्लाइव्हनं त्यांच्या छातीशी माईक धरला होता. नंतर तो आवाज जरा संथ केला, थोडा जाड केला, झालं काम. विचारायचं राहून गेलं, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे विचारायची हिंमत नव्हती. "तुम्ही येऊ नका हं बाबा, हॉल फार गारठलेला असतो," असं त्यानं त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. शेजारच्या मिसेस पेनफोल्ड त्यांना गाडीत घालून घेऊन आल्या.

एका जुन्या इंग्रजी कादंबरीच्या गोष्टीत मंगळवासी इथे वोकिंगच्या माळावर उतरले, त्याला शंभरावर वर्षं झाली. वोकिंगकरांनी त्यांना अजून परत जाऊ दिलेलं नाही. गोष्टीवर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही, त्यामुळे ज्याच्याकडे माईक आहे तो उठतो आणि तिचं श्रुतिनाट्य करतो. गावात अशा दोन मंडळ्या. एक फिलिपा ओकडेनची, दुसरी क्लाइव्हची. दर वसंतात दोघी एकाच दुपारी तोच हल्ला ऐकवतात, आणि दर वसंतात फिलिपा जिंकते.

चहाच्या वेळी दोन्ही मंडळ्यांनी आवाज काढायच्या आपापल्या वस्तू टेबलावर मांडायच्या, असा रिवाज आहे. कुणीही यावं, हवा तो आवाज मागावा, आणि मंडळीला तो तिथल्या तिथे काढून दाखवावा लागतो. त्यानंतर हात वर करून मतं.

फिलिपाच्या टेबलावर मोडकी छत्री होती, चामड्याची भिजवलेली पिशवी होती, कोबीचे गड्डे होते. कोबी पिळवटला की माणूस चिरडला जातो. सभ्य म्हाताऱ्या बायका रांग लावून माणसं चिरडत होत्या.

क्लाइव्हनं श्वासासाठी शेकोटी फुलवायचा भाता ठेवला होता, तोंडाला ओला मोजा बांधून.

"आता तो श्वास," फिलिपा चहाचा कप घेऊन येऊन उभी राहिली. "किती वर्षं मी त्याच्या मागे आहे रे, मला काही जमला नाही. कर बघू."

क्लाइव्हनं भाता दाबला. फुस्स झालं.

"आमचा कुत्रा याहून बरा घोरतो," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"माईकवर वेगळा लागतो," क्लाइव्ह म्हणाला.

"मग माईकवर कर. तो काय, तिथेच आहे."

क्लाइव्हचे कान तापले. त्यानं पुन्हा भाता दाबला, मग उगाचच मोजा सारखा केला. तेवढ्यात गर्दी थोडी बाजूला झाली आणि काठी टेकत विल्फ टेबलापाशी आले.

"ठेव तो खाली. लोक हसतायत तुला." मग ते फिलिपाकडे वळले. "आवाज माझा आहे, बाई. अख्खी दुपार राबवलं यानं मला. हे पुन्हा करा, ते पुन्हा करा. करून दाखवू?"

त्यांना वेगळं काही करावं लागलं नाही. बोलणं थांबवून त्यांनी तोंड नुसतं उघडं ठेवलं. घरघर आली, शिट्टी आली, मग काहीच नाही. पुन्हा घरघर आली तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. विल्फनी टेबलाला धरून सगळ्यांना झुकून अभिवादन केलं.

"आणि कलाकारांत यांचं नाव कुठेच नाही?" फिलिपा हसत म्हणाली. "लाज वाटायला पाहिजे तुला, क्लाइव्ह!"

वाटत होती. बापानं आपल्यासाठी चारचौघांत खोटं बोलावं आणि आपण भाता हातात धरून ते ऐकत राहावं, याची इतकी लाज त्याला वाटली की मान वर करवेना. हात वर झाले, मतं मोजली गेली, क्लाइव्हची मंडळी पहिल्यांदाच जिंकली. कुणीतरी त्याची पाठ थोपटली. त्याला ते थोपटणंही नकोसं झालं.

गाडीत त्यानं वडिलांना बसवलं, त्यांचा पट्टा लावून दिला.

"चुकलो, बाबा. तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," विल्फ म्हणाले. दम खाऊन त्यांनी विचारलं, "तुझी आई गेल्यापासून मी झोपेत तिला हाका मारतो म्हणे. मिसेस पेनफोल्डना भिंतीतून ऐकू येतं. तुझ्या त्या रेकॉर्डिंगमध्ये एखादी हाक आली होती का?"

या वयात वडिलांना अब्रू जायची धास्ती वाटत असणार, असं क्लाइव्हला वाटलं. "एक आली होती. पण तुम्ही काळजी करू नका, मी ती काढून टाकली."

"म्हणजे तुझ्याकडे आहे?"

"नाही नाही. पार पुसली. कुणालाही ऐकू येणार नाही आता."

विल्फ समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. हॉलमधून लोक हसत, कोबीची उरलेली पानं एकमेकांवर फेकत बाहेर पडत होते.

"हाक कशी मारली होती?" त्यांनी विचारलं. "रोझलिंड म्हणालो, की लग्नाआधीसारखं रॉझ म्हणालो?"

क्लाइव्हला काही केल्या आठवेना.