सगळं बघितलं

"तळपायपण बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. नंदाला पाय वर घ्यायला मदत करावी म्हणून धनेश वाकला, तशी ती केवढ्याने दचकली.

"अवो, पायाला हात नका लावू! पाप लागंल मला."

धनेश कसनुसा हसून मागे सरला. बायकोला त्याने कडावहून कर्जतला आणलं होतं ते खांद्यावरचा तीळ जरा वाढल्यासारखा वाटला म्हणून. बाईंनी तो भिंगातून पाहिला आणि साधा आहे म्हणून सोडूनही दिला. आता निघावं, तर यांना पाय बघायचे होते.

तिळांच्या बाबतीत धनेश घरात डॉक्टरच झाला होता. खालापूरजवळच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे मागे आरोग्य शिबिर झालं. अंगावरचे तीळ आपले आपण बघत जा, जिथे नजर पोचत नाही तिथे घरच्या माणसाला बघायला सांगा, बदल दिसला की दवाखाना गाठा, असं तिथे सांगितलं. गड्याने ते फारच मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी तो नंदाला खिडकीपाशी चटईवर पालथं झोपवायचा, खांद्यावरच्या तिळाशेजारी तांदळाचा दाणा ठेवायचा आणि मोबाईलवर फोटो काढायचा. तीळ वाढला तर दाण्यावरून कळेल, ही अक्कल त्याची स्वतःची. मान, पाठ, दंड बघत तो पोटऱ्यांपर्यंत यायचा आणि तिथून मागे फिरायचा. पलीकडच्या खोलीत आई असायची. बायकोच्या पायाशी बसलेला मुलगा तिने पाहिला असता, तर गावभर झालं असतं. मग उठता उठता तो ऐटीत सांगायचा, "सगळं बघितलं. कायबी नाय."

बाईंनी स्वतःच नंदाचा उजवा पाय उचलला. टाचेच्या आतल्या बाजूला काळा डाग होता. कडा वेड्यावाकड्या, मध्येच निळसर झाक. मोजायला दाणा लागलाच नसता.

त्या बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. "हा बरा दिसत नाही. मुंबईला चिठ्ठी देते. तुकडा काढून तपासायला हवा. हा आधी का नाही दाखवलात?"

धनेशच्या तोंडचं पाणी पळालं. इतके महिने आपण एका निरुपद्रवी तिळाचे लाड करत बसलो, आणि न बघताच बघितलं म्हणून सांगत राहिलो. त्याला स्वतःची शरम वाटली. आणि शरमेने घेरलेला नवरा जे करतो, तेच त्याने केलं. तो बायकोवर डाफरला.

"रोज पाय धुतेस, तुला दिसला नाय? तोंड उघडायला काय झालं हुतं गं?"

नंदा उठून बसली. तिने पदर सारखा केला.

"दिसला हुता की. तुमच्या शिबिराच्या आधीपास्नं. दवाखान्यात दावायला येनारच हुते. पन तुमी बघाय लागलात. मी पालथी निजायची, तळपाय तुमच्या म्होरंच असायचे. हात लावू नका म्हनायची, बघू नका नाय म्हनायची. तुमी म्हनालात, सगळं बघितलं, कायबी नाय. मंग मी बघायचं सोडलं."