नवसाचे रोडगे

अकोल्याच्या डॉक्टरनं खुशालरावांना जन्मभरासाठी गहू बंद केला. हिवरखेडला परतल्याबरोबर गोदाबाईंनी घरातलं गव्हाचं पोतं शेजारी देऊन टाकलं आणि नवऱ्यासोबत सगळं घर ज्वारीच्या भाकरीवर आणलं. लग्नाच्या पंगतीत खुशालरावांनी पुरीकडं नुसतं पाहिलं, तरी त्यांच्या ताटावर गोदाबाईंचा हात आडवा येई. हिंगातही कणीक असते असं कुणीतरी सांगितलं, तर फोडणीतला हिंगही गेला.

उन्हाळा सरता सरता खुशालरावांचं पोट ठिकाणावर आलं, गाल भरले. डॉक्टर खूश झाले. गोदाबाईंनी दवाखान्यातच मारुतीच्या नावानं हात जोडले.

"शनवारी मारुतीच्या पारावर सैपाक करा लागते," परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या. "तुमचं पोट पयल्यांदा दुखलं ना, तवाच नवस बोलली होती मी."

खुशालराव उभ्या जन्मात देवळाची पायरी चढले नव्हते. "मले नको ओढू त्याच्यात," ते गुरगुरले. "काय बोलली होती?"

गोदाबाईंना आत्ता कुठं सगळं आठवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"गोवरीवर भाजलेले, तुपात बुडवलेले गव्हाचे रोडगे. अन् पयला रोडगा तुमी खायचा."

 

"देवाशी बेइमानी नाई करा लागत, गोदे," म्हणत खुशालरावांनी आयुष्यात पहिल्यांदा मारुतीला हात जोडले.