सिरिलची दुर्बीण

घोडे सुटले तशी सिरिल गिटिन्सनं दुर्बीण डोळ्यांना लावली. शेजारी त्याची मुलगी हिलरी कठड्याला टेकून उभी होती. ती "बाबा, अरे..." एवढंच म्हणाली, पण त्यानं हात वर करून तिला गप्प केलं. परीक्षा सुरू झाली होती.

परीक्षा त्यानं स्वतःच मागून घेतली होती. गेले दोन महिने हिलरीचं एकच टुमणं चाललं होतं, की बाबाला आता दिसत नाही, त्यानं घर आवरावं आणि कॉव्हेंट्रीला आपल्याकडे राहायला यावं. पाद्रीबुवांच्या फाटकाचा खांब गाडीखाली आल्यापासून तर ती हटूनच बसली होती. सिरिलचं म्हणणं, खांबच पुढे आला होता. शेवटी तो म्हणाला, बुधवारी लडलोच्या शर्यतीला चल. लांबच्या वळणावर कुठल्या रंगाच्या सदऱ्याचा जॉकी पुढे आहे ते मी सांगितलं, तर घर माझं आणि गाडीही माझी. नाही सांगता आलं, तर मुकाट्यानं बॅग भरतो. हिलरीनं ते कबूल केलं.

खरं तर तिचंच बरोबर होतं. वर्षभर सिरिलला सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसे. दुर्बिणीतून ते दूध जरा जवळ येई, इतकंच. पण तरुणपणी बारा वर्षं त्यानं याच मैदानावर अडथळ्यांवरून घोडे उडवले होते आणि दोन्ही खांदे मोडून घेतले होते. त्या जुन्या हिरवळीचा प्रत्येक चढउतार त्याला पाठ होता. शिवाय सकाळी शेजारच्या तबेल्यातल्या बाईंना फोन लावून सात घोडे, सात जॉकी आणि सात सदरे त्यानं घोकून ठेवले होते. उरलेलं कर्ण्यावरचा निवेदक सांगणारच होता. तेच आपण जरा वेगळ्या शब्दांत म्हणायचं. कॉपी करून पास व्हायचा बेत होता आणि त्र्याऐंशीव्या वर्षी सिरिलला त्याची लाजबिज काही वाटत नव्हती. स्वतःच्या घरातून उठवलं जाण्याची मात्र त्याला मनापासून भीती वाटत होती.

घोड्यांनी पहिला अडथळा ओलांडला आणि कर्णा मध्येच गप्प झाला.

सिरिल मनात चरफडला. ही यंत्रं अशी ऐन वेळी दगा देतात. गर्दीही चिडीचूप झाली होती. कपाळावर गार ओल जाणवली. आपल्याला घाम फुटला, असं त्याला वाटलं.

मग त्यानं कान टवकारले. लडलोच्या मैदानातून मधूनच गावचा रस्ता आडवा जातो. शर्यतीच्या दिवशी त्यावर चटया अंथरतात. गवतावर दबकी वाजणारी टाप तिथे कोरडी वाजते. तशी ती वाजली. आधी एकाच घोड्याची, मग बाकी सगळ्यांची खिचडी. म्हणजे एक जण चांगलाच पुढे होता. सुरुवातीपासून असं एकटं पुढे पळायची खोड सातांत फक्त मार्मलेड घोडीला होती.

"पिवळा," तो ठासून म्हणाला. "पिवळ्यावर लाल ठिपके. मार्मलेड. ती बघ, कशी आतल्या कडेला चिकटून चाललीय."

पलीकडे उभ्या असलेल्या शेतकऱ्यानं खाकरून विचारलं, "आजोबा, ही दुर्बीण कुठून घेतलीत हो?"

"सासऱ्यांची आहे," सिरिल फुशारून म्हणाला. "असलं भिंग आता मिळत नाही."

"नाहीच मिळत," शेतकरी म्हणाला.

सिरिलला चेव चढला. त्यानं हिरव्या सदऱ्याच्या घोड्याला अडथळ्यावर अडखळवलं, जॉकीला त्याच्या मानेला लोंबकळवलं आणि पुन्हा खोगिरात बसवलं. तपकिरी घोड्याला उगाचच शेवटचा नंबर देऊन टाकला. सगळं पदरचं. हिलरी ऐकत होती आणि मधूनमधून नुसतं "हो का?" म्हणत होती.

मग जमीन थरथरू लागली. घोडे शेवटचा अडथळा ओलांडून त्यांच्याच बाजूनं येत होते. सगळ्यांत पुढच्या घोड्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजत होती. ही शिट्टी रोज सकाळी कुंपणापलीकडून यायची आणि ती ऐकत सिरिल चहा प्यायचा.

"पिवळा दमला," तो म्हणाला. "निळा सदरा पुढे आलाय. शेजारच्या तबेल्यातला बिशप. तोच जिंकणार."

बराच वेळ काही झालं नाही. मग कर्ण्यानं घसा साफ केला आणि पंचांचा निकाल सांगितला. पहिला बिशप, दुसरी मार्मलेड.

सिरिलनं दुर्बीण खाली घेतली. त्याला आनंद आवरत नव्हता. "मग?" त्यानं विचारलं. "आता काय म्हणणं आहे?"

हिलरीनं त्याच्या दंडात हात घातला. ती हसत होती, हे त्याला दंडावरच कळलं.

"घर तुझंच," ती म्हणाली. "मी दर शनिवारी येत जाईन. गाडीची किल्ली मात्र दे इकडे."

"का म्हणून? अख्खी शर्यत सांगितली की तुला. रंगांसकट."

"बाबा, घोडे सुटले आणि धुकं उतरलं. निवेदकसुद्धा हात टेकून बसला. लांबच्या वळणावरचा तो पिवळा सदरा सबंध लडलोत फक्त तुला दिसला."