खिशाला लावलेलं पेन

बोफा लहानपणी आईबरोबर कंबोडियातून इंग्लंडला आली आणि पुढे चित्रकार झाली. २००६ साली लंडनच्या ईलिंग भागातल्या प्रदर्शनासाठी ती पोल पॉटच्या राजवटीतून वाचलेल्यांनी जपलेल्या वस्तू गोळा करत होती. कुणी चमचा दिला, कुणी फाटका पंचा. एका म्हाताऱ्यानं पेन दिलं, तेव्हा तिला खटकलं. त्या काळात लिहितावाचता येणाऱ्यांना वेचून मारत असत. "काका, हे लपवलंत कुठे?" "लपवलं नव्हतं. शर्टाच्या खिशाला असायचं." उघडपणे पेन फक्त राजवटीचे अधिकारी लावायचे. "काय लिहायचात?" "वरचे सांगतील ती नावं. उचलून न्यायच्या माणसांची." "कुठल्या गावात?" त्यानं तिच्याच गावाचं नाव घेतलं. बोफानं तिथूनच गायब झालेल्या वडिलांचं नाव सांगितलं. "मास्तरांची मुलगी तू?" म्हाताऱ्यानं विचारलं. तिनं पेन त्याच्या हातात देऊन कोरा कागद पुढे सरकवला. "आठवतील तेवढी नावं लिहा."